मावशीच्या शुगरच्या गोळ्यांना आयुष्मान कार्ड चालत नाही म्हणाले, मग गरिबानं जायचं कुठं?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण शेवटपर्यंत वाचा, कारण डोकं पार आउट झालंय.

माझी मावशी कागल तालुक्यात एका गावात असते, वय ५४, काका जाऊन सहा वर्षं झाली. ती दुसऱ्याच्या शेतात भांगलणीला जाते, पोरगा गोकुळ शिरगावला ठेकेदाराकडं कामाला आहे, कधी काम असतं कधी नसतं. तीन वर्षांपासून मावशीला शुगर आहे आणि आता बीपीपण निघालंय. दर महिन्याला तालुक्याच्या गावी एका खाजगी डॉक्टरकडं जाते, तीनशे फी, नऊशेच्या आसपास गोळ्या, आणि मधेच कधी रक्त तपासलं की अजून चारशे. जाताना वडापच्या जीपचे पैसे आणि त्या दिवसाची बुडालेली हजेरी वेगळीच.

गेल्या आठवड्यात मी गेलो होतो तर गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं आणि लक्षात आलं की महिना संपत आला तरी निम्म्या गोळ्या शिल्लकच आहेत. विचारलं तर म्हणाली "एक दिवसाआड घेतो रं, पुरवायला नको व्हय?" मला काय बोलावं कळंना.

आता मेन मुद्दा. गावात मध्ये कॅम्प लागला होता, तिथं कुणीतरी दीडशे रुपये घेऊन तिचं आयुष्मान कार्ड काढून दिलं आणि सांगितलं, आता पाच लाखापर्यंत सगळं फुकट. मावशीनं ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाऱ्यात ठेवलंय बघा. मी म्हटलं चल, कोल्हापूरला दाखवू. एका मोठ्या हॉस्पिटलला गेलो, बाहेर योजनेचा बोर्ड लावलाय. काउंटरवरचा पोरगा कार्ड उलटंसुलटं करून म्हणतो, "ओपीडीला चालत नाही, ॲडमिट करायचं असलं तर बघू." म्हटलं अहो, नुसत्या शुगरच्या गोळ्या लिहून पाहिजेत. तर म्हणे, मग फी भरा.

तर मला सांगा, हे कार्ड नक्की कशासाठी असतं? आणि ज्याला रोज गोळी खायची आहे, ॲडमिट व्हायचंच नाही, त्यानं जायचं कुठं? रेशन कार्ड केशरी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र गावापासून सहा किलोमीटर. गावात एक पिवळी इमारत आहे दवाखान्याची, पण मी जेव्हा बघितली तेव्हा कुलूपच होतं.

फौंड्रीवाला_शिरोली

भावा, काउंटरवरचं पोरगं खरं बोललंय, फक्त नीट सांगितलं नाही त्यानं. ते कार्ड ॲडमिट होण्यासाठीच आहे. ऑपरेशन, अँजिओप्लास्टी, कॅन्सरची केमो, डायलिसिस असल्या ठरलेल्या उपचारांसाठी. ताप, खोकला, शुगरची गोळी यात ते चालत नाही, आणि कुठल्याच हॉस्पिटलात चालणार नाही, उगं फिरू नको.

आपल्याकडं ही योजना २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून चालू झाली, २०१७ ला नाव बदलून महात्मा फुले जनआरोग्य झालं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख होतं. केंद्राची आयुष्मान २०१८ ची, पाच लाखाची. आता दोन्ही एकत्र चालतात आणि १ जुलै २०२४ पासून महात्मा फुलेमध्ये पण पाच लाख झालेत, ते पण पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशन कार्ड असलं तरी. त्यामुळं मावशी बसतेच त्यात. कार्ड ठेव जपून, देवाऱ्यात ठेवलंय ते बरोबर जागेवर आहे म्हणायचं. पण दीडशे रुपये घेतले ते चुकीचं, आयुष्मान ॲपवरून घरबसल्या काढता येतं, पैसे लागत नाहीत.

माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी यातच झाली, २०२२ ला. बिल शून्य. पण डिस्चार्जच्या दिवशी "बाहेरच्या औषधाचे" म्हणून आठ हजार मागितले. मी आधी भरले, मग रात्री झोप लागंना म्हणून सकाळी १५५३८८ ला फोन लावला, हेल्पलाइन आहे योजनेची, १८००२३३२२०० पण चालतो. हॉस्पिटलात आरोग्यमित्र म्हणून एक माणूस बसतो, त्याच्याकडं लेखी दिलं. बावीस दिवसांनी पैसे परत आले. पावती होती म्हणून आले हे लक्षात ठेवा. पावती देत नसतील तर पैसेच देऊ नका.

गोळ्यांचं मला माहीत नाही, ते जाणकार सांगतील.

पन्हाळ्यावरचा_वारा

सरकारी दवाखान्याचा नाद करू नका साहेब. मी सांगतो अनुभव. आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात आईला घेऊन गेलो बीपीसाठी. साडेदहाला पोचलो. डॉक्टर "मीटिंगला" गेलेत. कुठली मीटिंग, कधी येणार, कुणाला माहीत नाही. साडेबाराला आले, दोन मिनिटं बघितलं, चिठ्ठी लिहिली. औषधाच्या खिडकीवर गेलो तर तीनपैकी एक गोळी आहे, दोन "बाहेरून घ्या". पुढच्या महिन्यात गेलो तर ती एक पण नव्हती. मग काय करायचं, मेडिकल गाठलं. फुकट फुकट म्हणून दोन दिवसाचा रोज बुडाला तो कोण देणार?

पेपरात फोटो बघा, मंदिर म्हणे. आयुष्मान आरोग्य मंदिर. देवळात निदान प्रसाद तरी मिळतो.

उपकेंद्रातली

प्रसाद मिळतो ओ दादा, पण कुठल्या वारी मिळतो ते विचारून यावं लागतं 🙂

मी एका उपकेंद्रात काम करतो, गाव सांगत नाही. (कोल्हापूरची बाई आहे, 'मी करतो, मी येतो' असंच बोलणार, चुका काढू नका.)

शाहूपुरीवाले भाऊ, तुम्ही बघितलेली पिवळी इमारत म्हणजे उपकेंद्रच. त्याला आधी हेल्थ अँड वेलनेस सेंटर म्हणायचे, २०२३ च्या शेवटी आरोग्य मंदिर नाव दिलं. कुलूप का असतं ते सांगतो. नियमानं सपाटीवर पाच हजार लोकांमागं एक उपकेंद्र आणि डोंगरी भागात तीन हजाराला एक. म्हणजे एका उपकेंद्राखाली दोन-तीन गावं आणि चार-पाच वाड्या येतात. सिस्टर एका दिवशी या गावात लसीकरणाला, दुसऱ्या दिवशी त्या वाडीला, गरोदर बायकांच्या घरी भेटी, वर पोर्टलवर माहिती भरायची ती वेगळी. आता सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी दिलेत, ते सकाळी ओपीडी बघतात. कुलूप दुपारनंतर जास्त दिसेल तुम्हाला. सकाळी साडेनऊ ते बाराच्या मधे जाऊन बघा, आणि त्याच्या आधी गावातल्या आशाताईला फोन करा. आशाचा नंबर गावात पोराबाळांच्या आईकडं हमखास असतो, कुणालाही विचारा.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांची शुगर, बीपी, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर याची तपासणी आम्हालाच करायची असते. आशा घरोघरी फॉर्म भरते त्याचा. मावशीचा फॉर्म भरलाय का बघा, बहुतेक "घरी नाही, शेतात गेली" म्हणून राहिला असणार, भांगलणीला जाणाऱ्या बायका कधीच सापडत नाहीत आम्हाला, सकाळी सातला गेल्या की संध्याकाळीच.

आता गोळ्यांचं. पहिल्यांदा प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसरला दाखवावं लागेल. ते तपासून गोळ्या चालू करतात, आणि एकदा गोळी ठरली की दर महिन्याच्या गोळ्या उपकेंद्रातून मिळू शकतात, दर वेळी सहा किलोमीटर जायला नको. मधे काही शंका आली तर सीएचओ ई-संजीवनीवर मोबाईलवरून डॉक्टरांना दाखवतात. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या रोजच्या गोळ्या साधारण असतात. साधारण म्हणतोय, कायम नाही म्हणत.

केसपेपरचे पैसे नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यात केसपेपर, तपासणी, औषध सगळं फुकट आहे. कुणी मागितले तर देऊ नका.

आणि एक काम करा. खाजगी डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या. बायका येऊन सांगतात "ती पांढरी बारकी गोळी होती", आमच्याकडच्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या आणि बारक्याच असतात.

पन्हाळ्यावरचा_वारा

ताई तुमच्यासारखी माणसं असतील तर नमस्कारच आहे. पण गोळ्या संपलेल्या असतात ते खरं की खोटं?

उपकेंद्रातली

खरं. खोटं कशाला बोलू. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडं बीपीची एक गोळी पाच आठवडे नव्हती. लोक आमच्यावर ओरडतात, आम्ही वर ओरडतो.

निवृत्त_कंपाउंडर

मी बोलतो आता, कारण ३१ वर्षं औषधाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला उभा राहिलोय.

तुमचा घोळ होतोय त्याचं खरं कारण असं की सरकारी दवाखाना असं काही एकच नसतंच. जिल्ह्यात चार वेगळी घरं आहेत आणि चौघांच्या चुली वेगळ्या. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडं, त्यांचा साहेब जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुक्याला टीएचओ म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी. त्याच्या वरचं ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय हे जिल्हा शल्य चिकित्सकांकडं, म्हणजे सिव्हिल सर्जन. शहरातले दवाखाने महापालिकेकडं. आणि आपला थोरला दवाखाना म्हणजे सीपीआर, तो राजर्षी शाहू मेडिकल कॉलेजला जोडलेला, म्हणजे वैद्यकीय शिक्षण खात्याकडं. त्यामुळं वरच्या ताईंनी सांगितलेला २०२३ चा फुकटचा निर्णय आरोग्य खात्याचा आहे, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलांना तो लागू नव्हता. लोक सीपीआरला येऊन भांडतात, "गावात फुकट आणि हितं पैसे कशाचे?" खिडकीवरच्या पोराला बिचाऱ्याला शिव्या. पैसे किरकोळच असतात पण माणूस चिडतो.

साध्या शुगरसाठी सीपीआरला येऊ नका. काय होतं, कागल, राधानगरी, गगनबावडा, चंदगड, सगळीकडून माणसं एसटीनं सकाळी सहाला निघतात, नऊला रांगेत, बाराला नंबर, दोनला औषधाची रांग आणि चारची गाडी चुकली की दसरा चौकात बसून. ज्या गोळीसाठी एवढं केलं ती गावच्या केंद्रात असते. प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजार लोकांमागं एक, डोंगराळ भागात वीस हजाराला, ते कशासाठी आहे मग? सीपीआरला यायचं ते तिथून पाठवलं तर. चिठ्ठी घेऊन आलं की काम पण लवकर होतं.

आता गोळ्या का संपतात. पूर्वी राज्याची औषध खरेदी हाफकिनकडं दिली होती, त्यात बरीच बोंब झाली, मग २०२३ ला खरेदीसाठी वेगळं प्राधिकरण काढलं. वरून माल आला नाही की जिल्ह्याचं गोदाम रिकामं, गोदाम रिकामं की केंद्र रिकामं. पण, आणि हे फार कमी लोकांना ठाऊक आहे, प्रत्येक केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडं थोडा निधी असतो आणि त्यातून गरजेचं औषध स्थानिक पातळीवर घेता येतं. मेडिकल ऑफिसरनं मनावर घेतलं तर होतं. मनावर कधी घेतो? चार माणसं एकाच महिन्यात तोच अर्ज देतात तेव्हा. एकट्यानं काउंटरवर भांडून काही होत नाही, त्या खिडकीतला माणूस गोळी खिशात घेऊन बसलेला नसतो (बसलेले पण बघितलेत मी, नाही असं नाही). गावातल्या शुगर-बीपीच्या आठदहा बायका-गड्यांच्या सह्यांचा कागद द्या, एक प्रत टीएचओला, पोच घ्या. पोच घेतलेल्या कागदाला वजन असतं.

आणि पन्हाळकर, तुमचे डॉक्टर मीटिंगला गेले होते ते बहुतेक खरंच गेले असतील. दर महिन्याला मीटिंगा किती असतात ते एकदा विचारा त्यांना, रडतील.

सायंकाळी_रंकाळा

शहरातल्यांसाठी पण लिहा की कुणीतरी. मीच लिहिते.

आमच्याकडं धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी सकाळी सहा ते दुपारी दोन सात घरं करतात, त्यांना सकाळची ओपीडी कधीच जमत नाही. महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं आहेत पण ती सकाळचीच. मग मला कळलं की "आपला दवाखाना" म्हणून जे काढलेत, बाळासाहेब ठाकरेंच्या नावाचे, राज्यात २०२३ च्या महाराष्ट्र दिनापासून, त्यांची वेळ दुपारी दोन ते रात्री दहा ठेवलेली आहे, मुद्दाम कष्टकरी माणसांसाठी. मावशींना घेऊन गेले. बीपी १७०/१०० निघालं. मावशी म्हणतात "मला तर काहीच होत नाही, जरा डोकं जड वाटतं तेवढंच". गोळ्या मिळाल्या, पैसे शून्य. दुसऱ्या खेपेला डॉक्टर बदललेले होते आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं परत विचारलं, तेवढं एक खटकलं. म्हणून आता एक साधी शंभर पानी वही केलीय, पहिल्या पानावर गोळ्यांची नावं आणि पुढं तारीख आणि बीपी. वही दाखवली की प्रश्नच येत नाहीत. आधी फक्त चौकशी करून जा की जवळचं चालू आहे का आणि डॉक्टर आहेत का.

बाळंतपणाचं कुणाला विचारायचं असेल तर महापालिकेचं सावित्रीबाई फुले हॉस्पिटल आहे, पंचगंगा आहे. जननी शिशु सुरक्षा म्हणून योजना २०११ पासून आहे, सरकारी ठिकाणी नॉर्मल असो की सिझर, औषध, रक्त, तपासण्या, जेवण आणि घरी सोडायची गाडीपण फुकट, १०२ नंबर. माझ्या जावेच्या पोरीला घरी सोडायला गाडी आली तेव्हा अख्खी गल्ली बघायला बाहेर.

फौंड्रीवाला_शिरोली

हे दोन ते दहाचं मला पण माहीत नव्हतं. आमच्या फौंड्रीतली पोरं फर्स्ट शिफ्ट सुटली की जाऊ शकतात.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

सगळ्यांचे लई आभार. कंपाउंडर काकांचं वाचून मीच गार पडलो, आम्ही आजवर सगळ्यांना "सरकारी" म्हणून एकाच पोत्यात घालत होतो.

उद्या आशाताईचा नंबर शोधतो. एक शंका, मावशीला लाज वाटते. म्हणते, "खाजगीत डॉक्टर खुर्चीत बसवून विचारतो, तिथं उभं करून हाकलतात." यावर काय सांगू?

उपकेंद्रातली

काही सांगू नका, घेऊन या. पहिल्यांदा तुम्ही सोबत या, दुसऱ्यांदा त्या एकट्या येतील आणि तिसऱ्यांदा शेजारणीला घेऊन येतील. खुर्ची आमच्याकडं पण आहे, एक पाय मोडलाय तेवढं संभाळून बसा म्हणावं.

गुऱ्हाळ चालू झाली का तुमच्या भागात? त्या आधी आणा. एकदा काकवी आणि उसाचा रस चालू झाला की आमच्या रजिस्टरमधे सगळ्यांच्या शुगरा वर जातात आणि प्रत्येक जण सांगतो, "मी फक्त चाखली".

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

अपडेट देतो, बारा दिवस झाले.

आशाताई म्हणजे निघाली माझ्या मावसभावाच्या वर्गातल्या पोराची आई, मावशीच्या घरापासून चार घरं सोडून राहते. तीन वर्षं मावशी वडाप करून तालुक्याला जात होती आणि ही बाई चार घरं सोडून. फॉर्म खरंच भरलेला नव्हता, "शेतात" असं लिहून ठेवलं होतं, ताई तुम्ही म्हणाला तसंच.

आधी आरोग्य केंद्रात गेलो, मंगळवारी. आशाताईनं सांगितलेलं की बुधवारी लसीकरणाची गर्दी असते. नऊ पन्नासला पोचलो. केसपेपरला पैसे नाहीत. मावशीनं तरी दहाची नोट हातात धरून ठेवली होती, दोनदा पुढं केली. डॉक्टर तरुण पोरगी होती, शिकाऊ वाटली पण नव्हती शिकाऊ. खुर्चीत बसवलं! शुगर बोटातून बघितली, उपाशीपोटी २६८. रक्त घेतलं, किडनीचं वगैरे तपासायला, ते महालॅबला म्हणजे सरकारी तपासणीच्या लॅबला जातं आणि रिपोर्ट परत केंद्रात येतो म्हणाले. मग त्यांनी चप्पल काढायला सांगितली. मावशी म्हणते पायाला काय झालंय, शुगर आहे मला. डॉक्टरनी तळवे बघितले तर उजव्या पायाच्या करंगळीखाली बाभळीचा काटा मोडून आत बसलेला, भोवती पांढरं झालेलं, आणि मावशीला पत्ताच नाही. म्हणे चार दिवस उसात अनवाणी होतो. तिथंच काढला, ड्रेसिंग केलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तीन वर्षांत खाजगी डॉक्टरनं एकदापण चप्पल काढायला सांगितली नव्हती. पण खरं सांगायचं तर आपणही कधी बघितलं नव्हतं.

गोळ्या कागदाच्या पुडीत मिळाल्या, पुडीवर पेनानं सकाळ-रात्र लिहून. शुगरच्या दोन्ही मिळाल्या, बीपीची नव्हती. पन्हाळकर हसू नका. बीपीची जनऔषधीतून घेतली, कंपनीची महिन्याला १९० ची घेत होतो ती ३० रुपयाच्या आत पडली. अर्ज पण लिहिलाय, नऊ सह्या झाल्यात, आशाताईनंच फिरवला. गुरुवारी देणार, पोच घेणार.

आता पुढचं दुखणं. मावशीचे जोतिबाचे खेटे असतात माघात, म्हणजे पाचही रविवार चालत डोंगरावर दर्शनाला, अनवाणी. डॉक्टरनी सरळ नाही सांगितलंय. मावशी म्हणते देवाला काय सांगू?

निवृत्त_कंपाउंडर

जोतिबाला सांग, गोळीची पुडी संपेपर्यंत चप्पल घालणार म्हणून. माझ्या मंडळींनी तीन वर्षं तसंच केलंय, मऊ तळव्याची चप्पल घालून डोंगर चढायचा आणि देवळाच्या पायऱ्यांपाशी काढून पिशवीत घालायची. गर्दीत काढून ठेवू नका, जाते.

उपकेंद्रातली

घरी आल्यावर आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघायला शिकवा. रोज. आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या उपकेंद्रातूनच घ्या, आधी सीएचओंना नाव सांगून ठेवा म्हणजे ते इंडेंटला, म्हणजे औषधाच्या मागणीत, धरतील, ऐनवेळी गेलात तर परत तेच होईल.

पन्हाळ्यावरचा_वारा

हसत नाही ओ. तो अर्ज कसा लिहिलाय त्याचा फोटो टाका, नावं झाकून. आमच्या केंद्रात पण द्यायचा म्हणतोय.